खानापूरच्या वाचनालयातला लिनक्स संगणक दुसरी डिस्क लावल्यापासून इमर्जन्सी मोडमध्ये (नेहमीसारखा सुरू न होता फक्त दुरुस्तीपुरता) का जातो?

डिस्क बहुधा ठणठणीत आहे. तुम्ही लिहिलंय की जुन्या मराठी अंकांच्या स्कॅनचं पार्टिशन (डिस्कचा भाग) एफएसटॅबमध्ये, म्हणजे सुरू होताना कोणती डिस्क कुठे जोडायची त्या यादीच्या फाइलमध्ये (/etc/fstab), 'एसडीबी१' (sdb1) नावाने टाकलंय. गोम तिथेच आहे. एसडीए, एसडीबी ही नावं कर्नलला (लिनक्सच्या गाभ्याला) डिस्क ज्या क्रमाने सापडतात त्या क्रमाने मिळतात; नवी डिस्क जोडली की क्रम बदलू शकतो. मग सिस्टमडी (संगणक सुरू करणारा प्रोग्राम) त्या जुन्या नावाचं पार्टिशन यायची ९० सेकंद वाट बघतं आणि बूट अडवतं.

इमर्जन्सी मोडमध्ये रूटचा (मुख्य प्रशासक खात्याचा) पासवर्ड देऊन आत जा. 'ब्लकआयडी' (blkid) ही आज्ञा चालवा, त्या पार्टिशनचा यूयूआयडी (UUID, एकमेव ओळखक्रमांक) घ्या आणि एफएसटॅबमध्ये नावाच्या जागी 'UUID=' लिहून पुढे तोच लिहा. तो फाइलसिस्टममध्येच साठवलेला असतो, त्यामुळे केबल कुठेही लावली तरी बदलत नाही. फॉरमॅट केलंत तर मात्र नवा मिळतो. (डिस्कची हुबेहूब नक्कल केली असेल तर दोन्हींचा यूयूआयडी एकच असतो, तेवढं तपासा.)

शिवाय त्याच ओळीतल्या पर्यायांत 'नोफेल' (nofail) घालाच. संध्याकाळी बेळगावहून कोण येणार दुरुस्तीला? डिस्क नसली तरी संगणक सुरू होईल. रीबूटपूर्वी 'माउंट -ए' (mount -a, यादीतलं सगळं जोडून बघणारी आज्ञा) चालवा आणि स्कॅन दिसतात का बघा. 'नोफेल' असल्यावर यूयूआयडी चुकला तरी ती आज्ञा तक्रार करत नाही, पण स्कॅन दिसणार नाहीत.