गिटार सामानात देण्याआधी

बाळा, आशीर्वाद.

बंगळूरच्या कार्यक्रमाला कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरून विमानानं जायचं आणि गिटार चेक-इनला द्यायची, असं तू कळवलंस. तिकीट अजून काढलं नसेल तर मिरजेहून राणी चन्नम्मा एक्स्प्रेसचा विचार कर. रात्र गाडीत जाईल, पण गिटार बर्थवर तुझ्या उशाशी असेल. आपल्याकडं येणारी विमानं लहान, त्यामुळं डोक्यावरच्या कप्प्यात गिटार मावेल या आशेवर राहू नकोस. वाद्यासाठी शेजारची सीट मिळते का, हे मात्र कंपनीला विचारून बघ.

चेक-इनला द्यावीच लागली तर कापडी बॅगेतून देऊ नकोस, पॅडिंग कितीही जाड असलं तरी. सामानाच्या कप्प्यात एकावर एक सुटकेसा रचतात. फ्रॅजाइलचा स्टिकर जरूर लाव, पण भिस्त ठेव ती हार्ड केसवर. विकत परवडत नसेल तर कुणाकडून तरी मागून आण. केसची लांबी, रुंदी आणि उंची मिळून बहुधा 158 सेंटिमीटरच्या वर भरते, आणि सामानाची नेहमीची मर्यादा तेवढीच असते. म्हणून आधीच फोन करून विचारून ठेव.

खरी भीती गिटारच्या डोक्याची. मान संपून डोकं मागं झुकतं तिथं लाकूड सगळ्यात बारीक, बऱ्याच गिटारींत ट्रस रॉडसाठी, म्हणजे मानेतल्या धातूच्या सळईसाठी, आतून कोरलेलं, आणि पुढं सहा चाव्यांचं वजन. उभी केस पाठीवर कोसळली की गिटारचं अंग जागच्या जागी थांबतं, डोकं मात्र हिसका खाऊन मागं जातं. केसवर ओरखडाही दिसत नाही आणि आत मान तुटलेली असते! म्हणून डोक्याच्या खालची, वरची, बाजूची पोकळी टी-शर्ट, टॉवेल घालून गच्च भर. केस हलवलीस तर आत काही हललेलं जाणवता कामा नये. स्टीलच्या सहा तारांचा मिळून ताण 70 किलोच्या आसपास असतो. तो कमी करायला प्रत्येक तार एक-दोन सूर उतरव, पण पार ढिली करू नकोस. कॅपो, म्हणजे सूर चढवायला मानेवर लावायचा चिमटा, केसमध्ये मोकळा ठेवू नकोस.

निघण्याआधी गिटारचे पुढून, मागून आणि डोक्याजवळून फोटो काढ. काउंटरवर एखाद्या टॅगवर सही मागतील. मोडतोडीची जबाबदारी आमची नाही, असं त्यावर बहुधा लिहिलेलं असतं. ते वाचून मगच सही कर. उतरल्यावर बेल्टवरून केस उचललीस की तिथंच उघडून बघ. काही झालं असेल तर विमानतळावरून बाहेर पडायच्या आधी कंपनीच्या काउंटरवर लेखी तक्रार दे आणि तिची प्रत घे. आंतरराष्ट्रीय प्रवासात अशा तक्रारीला 7 दिवसांची मुदत असते, पण तू तेवढी वाट बघू नकोस.

आणि मान तुटलीच तर फेव्हिक्विक लावू नकोस. ते लाकडात मुरलं की नंतर चांगला सरस धरत नाही. तारा उतरव, बारीकसारीक ढलप्यासुद्धा एका पाकिटात जपून ठेव आणि सगळं तसंच माझ्याकडं घेऊन ये. आपण जाणत्या कारागिराला दाखवू.