रताळ्यात अळी लागली आहे, आता कोणतं औषध फवारू?

काढणीला महिना राहिलाय, उकरून पाहिलं तर आत अळी, असं तुम्ही लिहिलंय. आता काहीच फवारू नका. अळी रताळ्याच्या पोटात आहे, औषध तिथवर पोचत नाही. पोसलं असेल तेवढं लगेच काढा आणि किडका माल बांधावर फेकू नका, खोल पुरा.

ही अळी सोंडकिड्याची. आमची एक एकर रताळी या सोंडकिड्यानं नेली. महाशिवरात्रीच्या बाजारासाठी लावली होती. वरून वेल हिरवागार. विळ्यानं रताळं कापलं तर काळपट बोगदे, त्यात भुसा अन् पांढरी, बिनपायांची अळी. उकडायला ठेवलं तर कडवट वासानं चुलीपाशी बसवेना. गाईपुढे टाकलं, तिनं हुंगून तोंड फिरवलं. (तुम्ही टाकू नका, असं रताळं जनावराला बाधतं.)

मामाजी म्हणाले, "सुनबाईनं फवारणी टाळली म्हून झालं." अजूनही चार पाहुणे जमले की तेच निघतं. खरं कारण बेणं होतं. मागच्या वर्षीच्या वेलाचं जाड बूड तोडून त्यांनी त्याच वावरात लावलं. मी शेंड्याचं बेणं घ्या म्हणत होते. "कोवळा वेल सुकून जाते, जाड लवकर धरते," म्हणाले. मादी नेमकी त्या जाड बुडात भोक पाडून एकेक अंडं घालते आणि विष्ठेनं तोंड बुजवते. म्हणजे कीड आम्ही आमच्या हातानं लावली!

उरलेलं काम भेगांनी केलं. हा किडा दिसतो मुंगीसारखा, जेमतेम 6 मिलिमीटर, डोकं-पाठ निळसर काळी, मान अन् पाय तांबडे. त्याला माती खणता येत नाही, पण आपल्या काळ्या जमिनीला भेग पडली की सरळ रताळ्यावर उतरतो. म्हणून वेलाच्या बुडाला मातीची भर द्या, पाण्याचा ताण पडू देऊ नका. रताळ्याच्या कुळातल्या रानवेलींवरही तो तगतो, धुरे साफ ठेवा. कामगंध सापळे (मादीच्या वासानं किडे ओढणारे) लावा, पण त्यात फक्त नर अडकतात, तेवढ्यानं भागत नाही.

पुढच्या वर्षी वावर बदला, बेणं शेंड्याचंच घ्या. घरात कोणी जाड वेलाचा हट्ट धरला तर तो त्यांच्यासमोर उभा चिरा. मी चिरला होता, पण पीक गेल्यावर. एका बुडात तीन अळ्या निघाल्या. मामाजींनी पाहिलं आणि काही न बोलता उठून गेले.