ताई, पाऊचचे कोपरे काहून दबतात?

यावेळी टपालात ब्लाऊजचं एकही पत्र नाही म्हणजे कमालच झाली. सगळ्यांना चेनीचे पाऊचच शिवायचे आहेत. डिसेंबरची थंडी पडली की नागपुरात दुपारी अंगणात मशीन काढून बसावंसं वाटतं हे खरं, उन्हाळ्यात 45 डिग्रीत कोण बसतंय पायडल मारत. त्यात पुढच्या महिन्यात संक्रांत. सगळी पत्रं वाचल्यावर एक गोष्ट लक्षात आली, पाऊच मधल्या शिलाईत कोणाचाच बिघडत नाही. बिघडतो तो चेनीच्या या टोकाच्या एका इंचात आणि त्या टोकाच्या एका इंचात. म्हणून पहिल्या पत्राचं उत्तर जरा लांबलंय, चहा घेऊन बसा.

ताई नमस्कार, मी मानेवाड्याची. मोबाईलवर पाहून पाऊच शिवला, कापड 10 बाय 7 इंच, चेनपण बरोबर 10 इंचाची घेतली. सगळीकडून शिवून सुलटा करायला गेली तर चेन बंद, हातच जात नाही आत! सगळं उसवलं. दुसरा शिवला तो सुलटा झाला पण चेनीजवळचे दोन्ही कोपरे आत दबले, सुरकुतल्यासारखे. काहून होते असं?

अगं, बंद चेन आतच राहणं हा या धंद्यातला पहिला धडा आहे, माझाही तोच होता. नणंदेला द्यायला म्हणून पैठणीच्या काठाचा पाऊच शिवला, चारी बाजूंनी डबल टीप मारली, वर दोरे कापून मोकळी झाले, आणि मग कळलं की रनर (चेनीवर सरकणारी पकड) आत अडकलाय आणि चेन पूर्ण बंद आहे. अस्तराच्या फटीतून काडी घालून रनर ओढायचा प्रयत्न केला, अर्धा तास गेला, शेवटी उसवणीच घेतली. काठाचं कापड उसवलं की छिद्रं दिसतात ती दिसतातच. नणंदेला दुसरा दिला, तो पहिला अजून माझ्याकडे बटणं ठेवायला आहे.

आता कोपऱ्यांचं. तू कापडाएवढीच चेन घेतलीस तिथेच गोम आहे. 10 इंची कापडाच्या दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा इंच शिलाईत जाणार, म्हणजे चेनीचे दातसुद्धा त्या शिलाईत गेले. दात, पट्टी, बाहेरचं कापड, अस्तर, बकरम (कापड कडक करायला लावतात ते), असा सगळा थर एका ठिकाणी जमतो, तो वळतच नाही आणि मग कोपरा दबतो. त्यामुळे चेन आखूड घ्यायची आणि दोन्ही टोकांना कापडाचे कान लावायचे.

10 इंची कापडाला चेन 9 इंच काप. कानासाठी कापडाचे चार तुकडे घे, रुंदी चेनीच्या पट्टीएवढी (साधारण सव्वा इंच भरते) आणि लांबी दीड इंच. चेनीच्या टोकाला एक तुकडा वरून, एक खालून ठेव, दोघांची सुलट बाजू चेनीकडे, आणि पाव इंचावर टीप मार. मग दोन्ही तुकडे बाहेरच्या दिशेला उलटवून वरून एक टीप. दुसऱ्या टोकालाही तसंच, पण त्याआधी रनर चढवलेला आहे ना ते बघ, नाहीतर दोन्ही कान लावून झाल्यावर रनर हातात घेऊन बसशील (हसू नको, होतं). आता सगळं मिळून 11 इंच भरेल, दोन्हीकडून अर्धा अर्धा इंच छाट की बरोबर 10. शिवल्यावर अर्धा इंच कान शिलाईत जातो, पाव इंच बाहेर दिसतो आणि चेनीचे दात शिलाईपर्यंत पोचतसुद्धा नाहीत. कोपरा दबायला कारणच उरत नाही.

पुढचं तुला येतंच पण क्रम सांगते. बाहेरचं कापड सुलट वर ठेवायचं, त्यावर चेन पालथी, म्हणजे रनर खाली, त्यावर अस्तर पालथं. तिघांच्या कडा जुळवून पाव इंचावर टीप. मग दोन्ही कापडं चेनीपासून मागे सारून इस्त्री फिरवायची आणि कडेकडेने वरून दुसरी टीप मारायची. ही वरची टीप कोणी कोणी आळसाने सोडतात, मग वापरताना अस्तर रनरमध्ये अडकतं आणि दोष चेनीला देतात. दुसऱ्या बाजूलाही असंच.

आणि आता चेन अर्धी उघड. आत्ता, हे वाचता वाचताच मशीनवर चिठ्ठी चिकटवून ठेव. मग बाहेरचं कापड बाहेरच्यावर, अस्तर अस्तरावर, सुलट बाजू आत. चेनीपाशी आलीस की चेनीचा दुमडलेला भाग अस्तराच्या बाजूला झुकवून टाचण्या लाव, बाहेरच्या कापडाकडे झुकवलास तर कान लावूनही कोपरा गोल येतो. अर्ध्या इंचावर चारी बाजूंनी टीप, फक्त अस्तराच्या तळाला चार बोटं जागा सोड. त्या फटीतून सगळं बाहेर ओढायचं, कोपरे विणकामाच्या सुईच्या मागच्या टोकाने ढकलायचे, कात्रीने नको, कात्री आरपार जाते. शेवटी फट शिवून टाकायची. पाऊच भरतो साधारण 9 बाय सव्वासहा.

बकरम लावणार असशील तर फक्त बाहेरच्या कापडाला चिकटव, तेही चारी बाजूंनी अर्धा इंच लहान कापून, म्हणजे ते शिलाईत येत नाही. आणि सुती कापड असेल तर आधी पाण्यातून काढून वाळव, नाहीतर पहिल्या धुण्यात कापड आटतं, चेन आटत नाही आणि पाऊचला लाटा येतात.

मला तळ असलेला पाऊच हवाय, उभा राहणारा, मेकअपचं सामान ठेवायला. तळाचे चौकोन किती कापू? (जरीपटका)

कापड शिवण्याआधी खालच्या दोन्ही कोपऱ्यांतून दीड इंचाचे चौकोन काप, बाहेरच्या दोन्ही तुकड्यांतून आणि अस्तराच्याही. सगळीकडे अर्ध्या इंचाची शिलाई धरली तर तळ तीन इंच रुंद येतो. बाजू आणि तळ शिवताना हे चौकोन मोकळे ठेवायचे, मग कोपरा चिमटीत धरून बाजूची शिवण तळाच्या शिवणीवर आणायची आणि आडवी टीप मारायची. एक लक्षात ठेव, उंची बरीच कमी होते. 7 इंची कापडाचा उभा पाऊच पावणेपाचच्या आसपास राहतो, त्यात लिपस्टिक उभी राहते, कंगवा नाही राहत. कंगवा ठेवायचा तर कापड 9 इंच घे.

दुकानात गेले तर विचारतात कोणती चेन, किती नंबर, मीटरवाली का तयार? मी गप्प उभी. आणि झिप म्हणायचं का चेन? (खामला)

इतवारीत, गांधीबागेत चेनच म्हण, झिप म्हटलंस तरी समजतं पण भाव जरा वेगळा सांगतात असा माझा आपला संशय. झिपर हा शब्द 1923 मध्ये अमेरिकेतल्या गुडरिच कंपनीने रबरी बुटांसाठी आणला, ओढताना येणाऱ्या आवाजावरून. आपल्याला तो साखळीसारखा दिसला म्हणून चेन, आपलं नाव जास्त बरोबर आहे.

नंबर म्हणजे बंद केल्यावर दातांची रुंदी, जवळजवळ मिलिमीटरमध्ये. 3 नंबर बारीक, 5 नंबर पाऊचला आणि पर्सला सगळ्यात सोयीचा. घरी शिवायला नायलॉनचीच घे, तिला कुठेही कापता येतं आणि मशीनची सुई तिच्यावरून जाते. पितळी दातांची दिसते छान पण एक दात सुईखाली आला की सुई तुटून डोळ्याकडे उडते.

मीटरवाली स्वस्त पडते पण रनर वेगळे घ्यावे लागतात आणि चढवावे लागतात. रनरला एका बाजूने दोन तोंडं असतात, दुसऱ्या बाजूने एक. जेवायचा काटा घे, त्याच्या दातांवर रनर असा खोच की दोन तोंडं तुझ्याकडे येतील, आणि काटा कोणाला तरी धरायला लाव. मग चेनीच्या दोन्ही पट्ट्या थोड्या सोडवून एकेक तोंडात घाल आणि दोन्ही एकदम ओढ. टोकं सरळ कापलेली पाहिजे, दोरे लोंबत असतील तर रनर तिथेच रुसतो. पट्ट्या मागेपुढे गेल्या तर शेवटी एकीकडे फुगा येतो, काढ आणि परत घाल. पहिले दोन-तीन रनर तासभर घेतील, मग टीव्ही बघत चढतात.

माझ्याकडे सासूबाईंची काळी मशीन आहे, सरळ टिपेची. चेनचा पाय नाही. जमेल का? (कामठी)

जमेल. एका बाजूचा सिंगल पाय मिळतो तो घे, स्वस्त असतो. तोवर साध्या पायाने अशी ट्रिक कर, रनरजवळ आलीस की सुई कापडात खाली ठेव, पाय उचल, रनर मागे सरकव, पाय खाली, पुढे चल. सुई 14 नंबर, बकरम असेल तर 16. टाका फार बारीक ठेवू नको.

आजेसासूबाईंच्या ट्रंकेतून एम्प्रेस मिलची चादर निघाली, कोरी आहे, त्यांच्या नातींना तिचे पाऊच करून द्यावेत असं मनात आहे. कापायची हिंमत होत नाही. कापू का? (महाल)

हे पत्र मी दोनदा वाचलं. आमच्याकडेपण माहेरी एम्प्रेसचा टॉवेल होता, पायपुसणं होऊन संपला, कोणाला सुचलंच नाही. जमशेटजी टाटांनी ही मिल 1 जानेवारी 1877 ला सुरू केली आणि ती बंद पडूनही बरीच वर्षं झाली, म्हणजे तुमची चादर चांगलीच जुनी आहे. कोरी असली तरी घडीवर कापड आधी मरतं. म्हणून कात्री लावायच्या आधी घडीची रेघ दोन्ही हातांनी धरून आडवी ओढून बघा, मग उभी. चर्रर्र असा बारीक आवाज आला किंवा उजेडात धरल्यावर घडीत ताऱ्यांसारखी छिद्रं दिसली तर तेवढा पट्टा सोडून द्या. बाकी कापड थंड पाण्यात अर्धा तास ठेवून सावलीत वाळवा, पिळू नका.

मग मागून सबंध तुकड्याला पातळ चिकटणारं बकरम लावा, इथे मात्र शिलाईतही येऊ द्या, कारण जुन्या कापडाला टाके पेलत नाहीत, ते बकरमने पेलायचे. पहिल्या पत्रात मी उलटं सांगितलंय, ते नव्या कापडासाठी. मिलचा छाप असेल तर तो भाग पाऊचच्या बरोबर मधे येईल असा कापा, आणि अर्धी चादर न कापता ठेवा असं मी म्हणेन. नाती मोठ्या झाल्यावर विचारतील.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून 51 छोटे पाऊच शिवायचे आहेत. स्टीलच्या वाट्या देऊन कंटाळले. सामान किती लागेल आणि वेळेत होतील का? (प्रतापनगर)

रथसप्तमीपर्यंत वेळ आहे तुमच्याकडे, होतील. पण 51 ला कान लावत बसू नका, वेडे व्हाल. कापड साडेसात बाय 5 इंच आणि चेन 8 इंच घ्या, म्हणजे थोडी बाहेर राहील. रनर चढवला की अर्ध्यात आणून ठेवायचा, आणि दोन्ही टोकांना दात जिथे शिलाईखाली जाणार तिथे चार-पाच टाके हाताने आडवे घट्ट घालायचे, म्हणजे रनर निसटत नाही आणि पट्ट्या फाकत नाहीत. मग वर सांगितल्या क्रमानेच शिवून जास्तीची चेन छाटायची. बारीक 3 नंबर चेन असेल तर कान नसतानाही कोपरा बराच बरा बसतो, जाड 5 नंबर इथे नको.

हिशोब असा, 51 चेनी गुणिले 8 म्हणजे 408 इंच, सव्वादहा मीटरच्या वर जातं, 11 मीटर घ्या. कापडाचे तुकडे लागणार 102. सुती कापडाचा पन्हा (रुंदी) काठ सोडून 42 इंच हाती येतो असं धरा, त्यात आडवे 5 तुकडे बसतात, 21 ओळी लागतात, म्हणजे 105 इंच लांबी. पावणेतीन मीटर बाहेरचं आणि तेवढंच अस्तर. खणाचं करणार असाल तर त्याचा पन्हा लहान असतो, हाच हिशोब नव्याने मांडा, माझ्या आकड्यावर जाऊन कापड कमी पडलं तर शिव्या मला पडतील.

एक एक पाऊच पूर्ण करत बसू नका. एक दिवस नुसतं कापायचं, एक दिवस रनर आणि हाताचे टाके (हे काम सासूबाईंना आणि मुलांना द्या), मग सगळ्यांची पहिली बाजू दोरा न तोडता एकामागे एक, मग दुसरी. इस्त्री एकदाच सगळ्यांना. सामानाला बर्डीवर जाणार असाल तर विधिमंडळाचं अधिवेशन आटोपू द्या, तोवर सिव्हिल लाईन्सपासून पुढे रस्ते बंद आणि ऑटोवाले तोंड मागतील ते. रनर मात्र 60 घ्या, चार-पाच पलंगाखाली जातात, दोन उलटे चढतात आणि एक दोन नेहमीच दुकानातूनच खराब निघतात.