पाटील हे आडनाव आहे की हुद्दा? आणि पाटील म्हटलं की जात कळते का?

जात कळत नाही. कर्मवीर भाऊराव पाटील जैन, शिवराज पाटील चाकूरकर लिंगायत, दि. बा. पाटील आगरी. गावाची पाटीलकी ज्या घरात होती, ते घर पाटील. स्थळं बघताना आडनावावरून हिशेब मांडणाऱ्यांनी हे पाठच करावं.

हुद्द्याचं सांगतो, कारण त्यापायी मी चपला झिजवल्यात. आमचं मूळ आडनाव मोरे, सातबाऱ्यावरही मोरेच. वडिलांना शाळेत घालताना गुरुजींनी पाटील लिहिलं, मग नोकरी, बँक, आधार सगळीकडे पाटील. वडील गेल्यावर वारस नोंदीला गेलो, तर तलाठी म्हणाले, "सातबाऱ्यावर मोरे, मृत्यू दाखल्यावर पाटील. माणूस एकच कशावरून?" माणूस हयात असता तर राजपत्रात नाव बदलून घेतलं असतं, आता काय करणार! प्रतिज्ञापत्र, जुने फेरफार, पंचनामा. शेवटी पोलीस पाटलांचा दाखला लागला. त्यांचं आडनाव कांबळे. परीक्षा देऊन लागलेले, गावचे खरे पाटील तेच.

तरी आमचे तात्या (धाकटे चुलते) ऐकत नाहीत. "गावात मोरे ढिगानं आहेत, पाटील आपणच." अहो, मुलकी (महसूल वसुलीची) पाटीलकी 1962 च्या कायद्यानं गेली. महादजी शिंद्यांना सगळे पाटीलबाबा म्हणायचे, तरी ते शिंदेच राहिले. आपण कोण लागून गेलो?

माझं मत स्पष्ट आहे: हाक मारायला पाटील, कागदावर मूळ आडनाव. "काय पाटील, कधी आला?" म्हटलेलं मलाही आवडतं, खोटं कशाला बोलू. पण मुलीच्या जन्मदाखल्यावर मी मोरे लावलं. तात्या बारशाला आले, जेवले, माझ्याशी बोलले नाहीत. पुढे जातीचा दाखला काढायची वेळ आली, तर पणज्याच्या कागदांशी तिचं आडनाव जुळेल, एवढंच मला बघायचं होतं.

अर्थात ज्यांच्या सातबाऱ्यापासून पासपोर्टापर्यंत पाटीलच आहे, त्यांनी उगाच उकरत बसू नये. आणि दोन्ही हवं असेल तर विखे पाटलांसारखं जोडून लावता येतं. तात्यांना हेही सुचवून झालं, 'मोरे पाटील' लावा म्हणून. म्हणाले, "मोरे पुढं कशाला?"