गॅस आमचा, पाइप त्यांचा, मधली पेटी कशी असावी?

प्रश्न : साखर कारखान्याजवळ आम्ही काही सभासद मिळून प्रेसमड (उसाचा रस गाळल्यावर उरणारा गाळ) आणि शेणापासून बायोगॅसचा प्रकल्प उभारतो आहोत. शुद्ध केल्यावर रोज चार टन गॅस निघेल. शहराला गॅस नेणारी वाहिनी आमच्या कुंपणापासून दोन किलोमीटरवर आहे. गॅस कंपनी म्हणते, 'इंजेक्शन स्किडचं, म्हणजे गॅस तपासून-मोजून वाहिनीत सोडणाऱ्या पेटीचं डिझाइन आणा, मग बघू.' तीन सल्लागारांनी तीन वेगळी डिझाइनं दिली, किमतीतही खूप फरक. आमचा गॅस बीआयएसच्या मानकात बसतो. मग या मधल्या पेटीचं एवढं अवघड काय आहे?
– एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : तीन डिझाइनं पाहून तुम्ही गोंधळलात, यात तुमची काहीच चूक नाही. मी इंग्लंडमध्ये नऊ वर्षं अशाच पेट्यांच्या उपकरणांवर काम केलं. तिथेही सुरुवातीला हेच होतं.

तुमचा गॅस मानकात बसतो हे मला मान्य आहे. पण तो चोवीस तास बसतो का, याची खात्री कंपनीला हवी असते आणि ती मागणं तिचं कामच आहे. वाहिनीत गेलेला गॅस परत घेता येत नाही, तो कुणाच्या तरी शेगडीवर पोचतो. म्हणून पेटीत गाळणी, दाबाचा रेग्युलेटर, मीटर, मिथेन, ऑक्सिजन, हायड्रोजन सल्फाइड आणि ओलावा मोजणारे अ‍ॅनालायझर, वासासाठी मर्कॅप्टन सोडणारा पंप (शुद्ध मिथेनला वास नसतो, गळती कळणार कशी?) आणि दूरवरच्या कंट्रोल रूममधून बंद करता येणारी झडप, एवढं असतं.

यातलं काहीही नवं नाही. आयएस १६०८७ हे बीआयएसचं मानक गॅसमध्ये काय असावं ते सांगतं : मिथेन किमान ९० टक्के, ऑक्सिजन जास्तीत जास्त ०.५ टक्के, वगैरे. पेटीत काय, कोणत्या क्रमानं बसवायचं, हे ते सांगत नाही. मग प्रत्येक ठिकाणी नवी आखणी, नवी तपासणी, नवी मंजुरी. आणि दोन टनांच्या प्रकल्पाला जो अ‍ॅनालायझर लागतो, तोच वीस टनांच्या प्रकल्पालाही पुरतो. भार लहान प्रकल्पावरच पडतो, आणि याचा मला मनापासून राग येतो.

इंग्लंडमध्ये २०१० साली डिडकॉटला मैलापाण्यातला गॅस पहिल्यांदा घरगुती वाहिनीत गेला, २०१२ साली पाउंडबरीला मका आणि अन्नाच्या कचऱ्यातला. त्यानंतर जितके प्रकल्प, तितक्या तऱ्हेच्या पेट्या. एका जानेवारीत मी एका शेतावरच्या प्रकल्पात होते. अ‍ॅनालायझर जुळवण्यासाठी ठरलेल्या मिश्रणाची एक बाटली असते, ती उबदार ठेवावी लागते, नाहीतर त्यातले जड वायू द्रव होऊन खाली बसतात. तिचा हीटर रात्री बंद पडला. यंत्र चुकीचं वाचू लागलं आणि झडप आपोआप बंद झाली. गॅस उत्तम होता, तरी तो चौदा तास फ्लेअरमध्ये, म्हणजे नको असलेला गॅस जाळून टाकायच्या नळीत, जळत राहिला. अर्ध्या तासाच्या अंतरावर दुसरा प्रकल्प होता, त्यांच्याकडे सुटा हीटर होता, पण त्याची जोडणी वेगळी, तो आमच्या पेटीत बसेना. शेतकरी काही बोलला नाही, नुसता ज्वाळेकडे बघत उभा राहिला. एकच पेटी सगळ्यांनी वापरावी, हे माझं मत त्या दिवसापासूनचं आहे.

मात्र एकसारखेपणा म्हणजे सगळ्यांत कडक अट सगळ्यांना लावणं नव्हे. ब्रिटनच्या १९९६ च्या नियमांत ऑक्सिजनची मर्यादा ०.२ टक्के होती. ती समुद्रातून येणाऱ्या नैसर्गिक गॅसला शोभणारी. बायोगॅसमध्ये गंधक काढायला थोडी हवा सोडतात, तिचा ऑक्सिजन मागे राहतो. शेवटी आधी सवलत देऊन आणि २०२३ मध्ये नियमच बदलून कमी दाबाच्या जाळ्यासाठी ही मर्यादा १ टक्का केली. तुमच्या सल्लागारांपैकी कुणी गंधकासाठी हवा सोडायचं सुचवलं असेल, तर आपल्याकडची ०.५ टक्क्यांची रेघ डोळ्यांसमोर ठेवूनच ठरवा.

फ्रान्सचा रस्ता मला जास्त आवडतो. तिथे वितरण कंपनी इंजेक्शनची पेटी स्वतः बसवते, स्वतः सांभाळते आणि उत्पादकाकडून भाडं घेते. पेटी कंपनीचीच असल्यावर डिझाइन आपोआप एकसारखं होत जातं. तुमच्या कंपनीपुढे हा प्रस्ताव ठेवा. तिलाही आता गरज आहे : सीएनजी आणि घरगुती गॅसमध्ये बायोगॅस मिसळण्याचं बंधन २०२५-२६ मध्ये १ टक्क्यानं सुरू होऊन २०२८-२९ पासून ५ टक्क्यांवर जायचं आहे. जोडवाहिनीसाठी केंद्राची मदत योजना सध्या चालू आहे का, याचीही चौकशी करा.

आता तुम्ही न विचारलेला, पण माझ्या मते सगळ्यांत मोठा मुद्दा. चार टन म्हणजे ताशी जवळजवळ अडीचशे घनमीटर, दिवसरात्र. आपल्याकडच्या घराला स्वयंपाकासाठी दिवसाला साधारण अर्धा घनमीटर लागतो, आणि रात्री तीन वाजता कुणी पोळ्या लाटत नाही. त्या वाहिनीवर फक्त घरं असतील, तर पहाटे तुमचा गॅस जाणार कुठे? तिच्यावर सीएनजी पंप किंवा कारखाना असेल तरच काम सोपं. मे महिन्यातल्या रात्रीचा सर्वांत कमी प्रवाह आणि जोडणीच्या जागेचा दाब, हे दोन आकडे कंपनीकडून लेखी घ्या. शहरातल्या पिवळ्या प्लॅस्टिक वाहिनीत चार बारच्या आतला दाब असतो, तिथे जोडणी मिळाली तर सिलिंडर भरायचा २५० बारचा मोठा कॉम्प्रेसर लागणार नाही. तो तुमच्या तिन्ही अंदाजपत्रकांत आहे का, बघा.

आसपास असे आणखी प्रकल्प उभे राहत असतील, तर एकत्र बसा, एकच अ‍ॅनालायझर आणि एकच जोडणी ठरवा आणि एकत्रच कंपनीकडे जा. ते दोन आकडे मिळाले की मला कळवा, मग कॉम्प्रेसर किती मोठा घ्यायचा ते ठरवू.