जगभरातली जुनी, हातानं विणलेली कापडं जमवायची आहेत. सुरुवात कुठून करू?

तुम्ही मिरजेत राहता, बजेट बेताचं आहे आणि ऑनलाइन एक उझबेकी सुझनी (भरतकामाचं मोठं कापड) मनात भरली आहे. विकणारा 'दोनशे वर्षं जुनी' म्हणतोय, घेऊ का, असं विचारलंय. मी सांगलीची, आणि याच नादातली.

सुझनीकडे येते, पण आधी घरातली आजीची इरकल बाहेर काढा. घरात नसेल तर शेजारी विचारा, आपल्याकडे अजून बऱ्याच घरांत एखादी निघते. अंग आणि पदर जिथे मिळतात तिथे बोट फिरवा. बारीकशी कड हाताला लागेल. इरकलीत अंगाचा ताणा (मागावरचे उभे धागे) वेगळा आणि लाल रेशमी पदराचा ताणा वेगळा असतो. अंगाच्या ताण्याचे फास पदराच्या ताण्याच्या फासांत एकेक करून अडकवतात आणि मग टोपपदर, म्हणजे हा लाल पदर, विणायला घेतात. म्हणून त्या पदराचा लाल रंग भरगच्च दिसतो. यंत्रमागावरच्या नकलेत एकच ताणा या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो, त्यामुळे पदराच्या लालातून अंगाचा हिरवा नाहीतर काळा डोकावत राहतो. हा फरक स्वतःच्या बोटांना कळल्याशिवाय बाहेरच्या देशातल्या कापडावर एक रुपयाही घालू नका, असं मी स्पष्टच सांगेन.

कारण जगभर हीच रीत चालते. कापड समोरून कुणालाही आवडतं. खरं काय ते मागच्या बाजूला आणि जोडावर कळतं. हातमागाच्या पैठणीचा पदर उलटा केला तरी मोर जवळजवळ तसाच दिसतो, कारण प्रत्येक रंगाचा बाणा (आडवा धागा) आपल्या नक्षीपुरता फिरून शेजारच्या रंगात अडकतो. मागे लोंबणारे किंवा कापलेले धागे दिसले तर ती जॅकार्डची, म्हणजे छिद्रांच्या कार्डांवरून नक्षी उचलणाऱ्या मागावरची. काश्मीरची कानी शालही याच जातीच्या विणीची, फक्त तिची वीण तिरकी. एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडमधल्या पेझलीत आणि फ्रान्समधल्या ल्योंमध्ये जॅकार्ड मागांवर तिच्या नकला निघाल्या. त्याही आता जुन्या झाल्यात, संग्रहात ठेवाव्यात अशाच आहेत, पण त्यांना काश्मिरी म्हणून काश्मिरीचा भाव देऊ नये. उलटं करा, कातरलेले धागे दिसतात.

रंगांचंही तसंच. पहिला नावाजलेला कृत्रिम रंग विल्यम पर्किननं १८५६ मध्ये शोधला, तो जांभळा. १८६९ च्या सुमारास मंजिष्ठेचा लाल कारखान्यात बनवता येऊ लागला आणि १८९७ मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आली. तेव्हा भडक जांभळा किंवा राणी रंग दिसला की 'अठराव्या शतकातलं' हे बोलणं तिथेच संपतं. आणखी एक खूण मला फार आवडते. लोखंडाच्या पाण्यानं काळा किंवा गडद तपकिरी केलेला धागा कालांतरानं कुजतो. जुन्या छापील कापडात लाल-निळा शाबूत आणि नेमक्या काळ्या रेघा झडलेल्या, असं दिसलं तर ते वय सहसा खरं असतं. असं झडणं मुद्दाम घडवून आणणं सोपं नाही.

बजेट बेताचं आहे म्हणून खट्टू होऊ नका, तुकडे घ्या. ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयातला न्यूबेरी संग्रह हा इजिप्तमध्ये मिळालेल्या भारतीय छापील सुती कापडांचा आहे, आणि त्यात बहुतांश चिंध्याच आहेत. गुजरातचं कापड मध्ययुगात कुठवर जात होतं हे त्या चिंध्यांवरूनच कळलं. फाटका काठ, सुटलेला पदर, गुळेदगुड्ड खणाची जुनी चोळी, सगळं चालेल. एकच अट: कड ताजी कापलेली नको. धड साडी कापून तुकडे विकणाऱ्याकडून घेतलं की तो पुढची साडीही कापतो.

आपल्याकडची कापडं तर डोळ्यांदेखत संपताहेत. खऱ्या जरीची लुगडी मोडीच्या भावानं जातात आणि चांदीसाठी जाळली जातात. बोहारणीला एका पातेल्यावर काय काय दिलं गेलंय याचा विचार केला तरी जीव तुटतो. तिच्याशी ओळख ठेवा. चांगलं काही आलं तर ती आधी तुम्हाला दाखवेल. जत-आटपाडीकडे जाणं झालं तर सनगरांनी विणलेली, चिंचोक्यांची खळ दिलेली काळी घोंगडी जरूर घ्या, आणि विणणाऱ्याचं नाव, गाव, वर्ष कापडी पट्टीवर लिहून कडेला टाचा. नाव नसलेलं कापड पुढच्या पिढीत नुसतं जुनेर होतं.

जपायचं कसं, तर आपल्याकडे पावसाळा आणि कृष्णा हे दोन मोठे वैरी. २०१९ च्या महापुरानंतर मी खालच्या मजल्यावर एकही पेटी ठेवत नाही. धुऊन खळ काढलेल्या मांजरपाटात गुंडाळा, प्लास्टिकमध्ये कोंडू नका, डांबरगोळी जरीला लागू देऊ नका, घडी दर काही महिन्यांनी बदला. परदेशातून आलेलं लोकरीचं काहीही आधी पिशवीत घट्ट बंद करून दोन आठवडे डीप फ्रीझरमध्ये ठेवा, नाहीतर त्यातली कसर घरभर होते. पुरात भिजलंच तर पिळू नका. खालून चादरीचा आधार देऊन उचला आणि सावलीत सपाट वाळवा.

कायद्याचंही बघा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं कापड देशाबाहेर पाठवता येत नाही, अमेरिकेतल्या भाचीलाही नाही. शहातूस शालीला तर हातच लावू नका, ती चिरू हरणांना मारून होते आणि तिचा व्यापार गुन्हा आहे.

आता तुमची सुझनी. जुन्या सुझनीत अरुंद पट्ट्या आधी कच्च्या टाक्यांनी जोडून त्यावर नक्षी रेखाटत. मग पट्ट्या सोडवून घरातल्या वेगवेगळ्या बायका एकेक भरत आणि शेवटी पुन्हा जोडत. त्यामुळे जोडावर फुलाचा अर्धा भाग थोडा सरकलेला असतो, दोन पट्ट्यांच्या टाक्यांत आणि रंगछटांतही फरक पडतो. विकणाऱ्याकडे पूर्ण उलट्या बाजूचा, एका जोडाचा जवळून आणि सगळ्यात भडक रंगाचा दिवसाच्या उजेडातला, असे फोटो मागा. फूल जोडावरून अगदी बिनचूक पलीकडे गेलं असेल तर सोडून द्या. भडक जांभळा किंवा राणी रंग निघाला तर दोनशे वर्षं विसरा, पण काम हाताचं आणि देखणं असेल तर नव्या सुझनीच्या भावात घ्यायला हरकत नाही. फोटो द्यायला टाळाटाळ केली तर मात्र व्यवहार करू नका.