वाचकांचे प्रश्न : उडती मोटार रस्ता कसा शोधणार?

प्रश्न (नाशिक) : उडत्या मोटारीच्या बातम्या दर वर्षी येतात. अशी गाडी खरंच आहे का? असल्यास दारातून उडता येतं का?

उत्तर : गाडी आहे आणि बरीच जुनी आहे. अमेरिकेतल्या मोल्टन टेलर यांची ‘एरोकार’ 1949 मध्ये उडाली आणि 1956 मध्ये तिला सरकारी प्रमाणपत्रही मिळालं. रस्त्यावर असताना पंख आणि शेपूट ट्रेलरसारखे मागे ओढायचे. अलीकडची म्हणजे स्लोव्हाकियातली श्टेफान क्लाइन यांची ‘एअरकार’. 28 जून 2021 रोजी ती नित्राहून ब्रातिस्लावाला 35 मिनिटांत पोचली. इंजिन बीएमडब्ल्यूचं, 1.6 लिटरचं. पंख उघडून उड्डाणाला तयार व्हायला तिला तीन मिनिटंही लागत नाहीत. नेदरलँड्सची ‘पाल-व्ही’ म्हणजे डोक्यावर मोकळं फिरणारं पातं असलेलं जायरोकॉप्टर.

दारातून मात्र नाही. या तिघींनाही धावपट्टी लागते, आणि चालवणाऱ्याकडे वैमानिकाचा परवाना लागतो. शिवाय आपल्याकडे उड्डाणाआधी फ्लाइट प्लॅन भरून हवाई संरक्षणाचा क्लिअरन्स क्रमांक घ्यावा लागतो. मनात आलं की निघालो, असं चालत नाही.

इतकी वर्षं होऊनही अशा गाड्या सर्रास का दिसत नाहीत? कारण वजन. रस्त्यासाठी बंपर, मजबूत चाकं, धडक सोसणारा सांगाडा हवा. हवेत यातला एकेक किलो डोईजड. दुसरी अडचण सांध्यांची. 1973 मध्ये कॅलिफोर्नियात फोर्ड पिंटो मोटारीला सेसना विमानाचे पंख आणि मागचा भाग जोडून ‘मायझार’ तयार केली होती. 11 सप्टेंबरच्या चाचणीत पंखाचा आधारदांडा निसटला आणि आतले दोघेही गेले. जे रोज काढायचं-जोडायचं, ते रोज नीट बसेलच याची खात्री देणं अवघड.

प्रश्न (सांगली) : मोबाइलवरचा नकाशा निळी रेघ दाखवतो, त्या रेघेवर गाडी ठेवायची. हवेत तर वळणंही नाहीत. मग वाट काढणं उलट सोपंच नाही का?

उत्तर : वळणं नाहीत हे खरं, पण रस्ताही नाही, आणि रस्ता आपल्या नकळत फार मोठं काम करत असतो. चाकं डांबराला धरून असतात, त्यामुळे आडव्या वाऱ्यात मोटार थोडी हलते, एवढंच. हवेत गाडी वाऱ्याच्या आतच असते. वारा जिकडे चालला, तिकडे तीही चालली.

कागदावर एक उदाहरण करू. पुणे ते कोल्हापूर सरळ रेषेत साधारण 206 किमी, दिशा उत्तरेपासून उजवीकडे मोजली तर 169 अंश. गाडीचा हवेतला वेग ताशी 160 किमी आणि पश्चिमेकडून ताशी 30 किमीचा वारा धरा. (पावसाळ्यात तो याहून जोरात असतो.) नाक 169 वर ठेवून निघालात, तर सव्वा तासाने कोल्हापूरच्या पूर्वेला 36-37 किमीवर, म्हणजे इचलकरंजी ओलांडून मिरजेच्या वाटेवर असाल. होकायंत्राने पूर्ण वेळ बरोबर दिशा दाखवलेली असेल, आणि तरीही.

उपाय म्हणजे वाऱ्याच्या दिशेला नाक थोडं वळवून धरायचं. किती, याचा चटकन हिशेब असा : आडव्या वाऱ्याचा वेग भागिले गाडीचा वेग, गुणिले 60. इथे 30 भागिले 160 गुणिले 60, म्हणजे सुमारे 11 अंश. 169 मध्ये 11 मिळवा : 180. कोल्हापूर पुण्याच्या किंचित पूर्वेला आहे, पण नाक ठेवायचं नेमकं दक्षिणेला! जमिनीवरचा वेग ताशी 163 किमीच्या आसपास पडेल आणि वेळ 76 मिनिटं.

आता वाटेत पडताळा. निघाल्यावर साधारण 35 मिनिटांनी सातारा उजव्या हाताला तीनेक किमीवर दिसायला हवा, आणि पुढे कऱ्हाड डाव्या हाताला सहाएक किमीवर. समजा अजिंक्यतारा तीनऐवजी नऊ किमी लांब दिसला. म्हणजे 94 किमीत तुम्ही 6 किमी पूर्वेला सरकलात. 6 भागिले 94 गुणिले 60, जवळपास 4 अंश. एवढं उजवीकडे वळलात, तर पुढचं सरकणं थांबेल, पण गाडी मूळ रेषेला समांतर जात राहील. उरलेल्या 112 किमीत ते सहा किमी भरून काढायला आणखी 3 अंश. एकूण 7 अंश उजवीकडे. नवशिके पहिल्या चारवरच थांबतात आणि शेवटी शहर सहा किमीने हुकतं.

होकायंत्राबद्दल एक सावधगिरी. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांच्यातला फरक महाराष्ट्रात अंशभराच्या आतबाहेर असल्यामुळे आपल्याला त्याची सवय नाही. अमेरिकेत सिॲटलजवळ तो 15 अंशांच्या आसपास आहे. शिवाय गाडीतलं लोखंड आणि विजेच्या तारा सुईला ओढतात. म्हणून विमान जमिनीवर दर 30 अंशांना फिरवून चूक मोजतात आणि तिचा तक्ता होकायंत्राखाली चिकटवतात. पंख मिटणाऱ्या गाडीत हे मोजमाप पंख उघडून आणि इंजिन चालू ठेवूनच करावं, नाहीतर तक्ता निरुपयोगी.

प्रश्न (नागपूर) : पॅसिफिकमधले लोक होकायंत्राशिवाय हजारो किलोमीटर जात, असं ऐकतो. नेमकं काय बघत? आपल्याला इथून त्यातलं काही करून पाहता येईल का?

उत्तर : येईल, आणि नागपूरकरांना तर फारच छान. त्याकडे शेवटी येतो.

1976 मध्ये ‘होकुलेआ’ ही जोड-होडी हवाईहून ताहितीला गेली. अंतर सुमारे 4000 किमी. वाट दाखवणारे होते मायक्रोनेशियातल्या सातावाल बेटाचे माउ पियाइलुग. होकायंत्र किंवा नकाशा न वापरता. त्यांची मुख्य खूण म्हणजे ताऱ्याच्या उगवण्या-मावळण्याची जागा. एखादा तारा रोज चार मिनिटं आधी उगवतो, पण क्षितिजावरच्या त्याच बिंदूवर. म्हणून तो खाली असेपर्यंत त्याच्याकडे बघून चालायचं, तो वर चढला की त्याच जागी उगवणारा पुढचा तारा धरायचा. हवाईचे नाइनोआ थॉम्पसन यांनी पुढे यासाठी क्षितिजाची 32 घरं पाडली, प्रत्येक घर सव्वाअकरा अंशांचं.

ढग आले की लाटा. ताज्या वाऱ्याच्या लाटा दिशा बदलतात, पण दूरच्या वादळांतून आलेले लांब हेलकावे दिवसेंदिवस एकाच बाजूने येत राहतात. होडी त्यांना कोणत्या कोनात कापते, हे डोलण्यावरून कळतं. जाणकार मंडळी त्यासाठी होडीत आडवी होत. मार्शल बेटांवर तर बेटांमुळे वळणाऱ्या लाटांचे नकाशे काड्या बांधून करत आणि त्यात बेटांच्या जागी शिंपले लावत. हे नकाशे किनाऱ्यावर शिकायचे, होडीत न्यायचे नाहीत.

किती चाललो याचा हिशेब कॅरोलाइन बेटांवर वेगळ्याच रीतीने ठेवतात. होडी स्थिर मानायची आणि बाजूचं एखादं, न दिसणारं बेट मागे सरकतंय असं धरायचं. ते बेट एका ताऱ्याखालून दुसऱ्या ताऱ्याखाली आलं की प्रवासाचा एक टप्पा झाला.

सगळ्यात शहाणपणाची गोष्ट शेवटच्या टप्प्यात. छोट्या बेटावर थेट नेम धरला आणि ते दिसलं नाही, तर डावीकडे जायचं की उजवीकडे? म्हणून ताहितीला जाताना मुद्दाम वाऱ्याच्या बाजूला, पूर्वेला झुकून जायचं. वाटेत तुआमोतूची बेटं जाळ्यासारखी पसरलेली आहेत. त्यातलं एखादं लागतंच. ‘होकुलेआ’ला माताइवा लागलं. किनारा जवळ आल्याची वर्दी पक्षी देतात : पांढरा सुरय सकाळी बेटावरून समुद्राकडे जातो, संध्याकाळी परततो, तेव्हा त्याच्यामागे जायचं. पिल्लांच्या हंगामात मात्र तो दिवसातून अनेकदा ये-जा करतो. त्या दिवसांत चोचीत मासा असेल तरच तो घरी निघालाय असं समजावं.

मुद्दाम बाजूला नेम धरायची हीच युक्ती 1931 मध्ये फ्रान्सिस चिचेस्टर यांनी विमानात वापरली. न्यूझीलंडहून ऑस्ट्रेलियाला एकट्याने जाताना त्यांना नॉरफोक आणि लॉर्ड हाउ ही चिमुकली बेटं गाठायची होती. त्यांनी नेम मुद्दाम एका बाजूला धरला, सूर्याची क्षितिजापासूनची उंची सेक्स्टंट या कोन मोजायच्या उपकरणाने मोजली, ती ठरलेल्या आकड्याला आली की काटकोनात वळले. चूक कोणत्या बाजूची हे आधीच ठरलेलं, त्यामुळे वळायचं कुठे हा प्रश्नच उरला नाही. वरच्या कोल्हापूरच्या उदाहरणात पंधरा किमी पूर्वेला नेम धरा, पंचगंगा लागली की उजवीकडे, प्रवाहाच्या उलट जा. फक्त आधी वारणा लागते. तिलाच पंचगंगा समजू नका.

आता नागपूर. तुमचं शहर आणि होनोलुलू जवळपास एकाच अक्षांशावर आहेत, 21 अंश आणि काही कला. मेच्या मध्यात रात्री नऊच्या सुमारास दक्षिणेला त्रिशंकू, म्हणजे चार ताऱ्यांचा क्रूस, उभा असतो. त्याच्या वरच्या आणि खालच्या ताऱ्यांत सहा अंशांचं अंतर आहे, आणि नागपुरातून खालचा तारा क्षितिजापासूनही जवळपास तेवढाच वर दिसतो. दोन्ही अंतरं सारखी दिसली की हवाईचा अक्षांश आला, असं तिथले लोक ओळखतात. हेच सावंतवाडीतून पाहिलंत, तर खालची जागा वरच्या अंतराच्या दुपटीकडे गेलेली दिसेल. दक्षिणेचं क्षितिज मोकळं हवं. इमारती आणि धुरकट हवा असेल तर गावाबाहेर जा.

प्रश्न (पुणे) : जपानमध्ये रस्त्यांना नावंच नसतात म्हणे. मग उतरल्यावर घर कसं सापडतं?

उत्तर : बहुतेक रस्त्यांना नसतात. तिथे पत्ता मोठ्याकडून लहानाकडे जातो : प्रांत, शहर, विभाग, मग ठोकळ्याचा, म्हणजे चहूबाजूंनी रस्ते असलेल्या जमिनीच्या तुकड्याचा क्रमांक, मग इमारतीचा. जुन्या वस्त्यांत इमारतींचे क्रमांक बांधल्याच्या क्रमाने, म्हणून 3 च्या शेजारी 17 असू शकतो. 1962 च्या कायद्यानंतर अनेक ठिकाणी ठोकळ्याभोवती घड्याळाच्या दिशेने आकडे दिले गेले. वरून पाहणाऱ्याला ही रीत आपल्यापेक्षा सोयीची, कारण हवेतून आधी जमिनीचा तुकडाच दिसतो.

प्रश्न (अहिल्यानगर) : उपग्रहाचा सिग्नल गेला तर चालकाने काय करावं?

उत्तर : शोधत गोल गोल फिरायचं नाही. सिग्नल गेल्याची वेळ कागदावर लिहा, नाक आहे त्या अंशावर ठेवा, शेवटच्या खात्रीच्या जागेपासून वेग गुणिले वेळ काढून अंदाजी ठिकाण नकाशावर टिंबाने दाखवा. त्याभोवती कापलेल्या अंतराच्या एक दशांशाएवढं वर्तुळ काढा. तुम्ही बहुधा त्यातच आहात. मग जवळच्या लांबलचक खुणेकडे वळा : रेल्वेमार्ग, नदी, चौपदरी रस्ता. एकटा तलाव किंवा टेकडी नको, अशा दहा सापडतात.

अमेरिकेत 1920 च्या दशकात टपाल विमानांसाठी जमिनीवर काँक्रीटचे मोठाले बाण करून पिवळे रंगवले होते, शेजारी दिव्याचा मनोरा. त्यातले काही अजून माळरानात दिसतात. आपल्या भागात असं काही नाही, त्यामुळे दौंड-मनमाड लोहमार्गासारखी ठळक रेघ आधीच हेरून ठेवावी. आणि नकाशा आधी जमिनीशी जुळवायचा नाही. आधी घड्याळ, मग नकाशा, मग खिडकीबाहेर. उलट्या क्रमाने गेलात, तर दिसेल ते गाव हवं ते गाव वाटायला लागतं.